दुर्वासबाईंचा डबा

तिचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल तेवढंच. कारखान्यात ती दुर्वासबाई होती. शाप देण्यात त्या ऋषीच्या तोडीची एखादी बाई कुणाला पटकन आठवली नाही, म्हणून बाईमाणसाला बाप्याचं नाव चिकटलं. तिला ते ठाऊक होतं. एकदा जिन्यात कुणीतरी पाठीमागून ते नाव घेतलं, तेव्हा ती वळून म्हणाली होती की दुर्वास निदान शाप देऊन मोकळा व्हायचा, मला वर तुमच्या चुकाही निस्तराव्या लागतात.

तिचा राग उगाच नसायचा, ही खरी अडचण होती. उगाच चिडणाऱ्या माणसाकडे काणाडोळा करता येतो. ही चिडायची तेव्हा बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं, आणि ते तिला पुरतं माहीत असायचं. त्यामुळे तिच्यासमोर उभं राहणाऱ्याला पळायला वाट उरायची नाही.

कारखाना फार मोठा नव्हता. खाली जुळणीचा हॉल, तिथे लांब टेबलांवर भिंगाचे दिवे आणि सोल्डरिंगचा धूर. वर पत्र्याचा जिना चढून गेलं की तिची खोली. खोलीत एक खिडकी, एक न चालणारा पंखा आणि टेबलभर वायरींचं जंगल. इथे पॉलिहाउसचे कंट्रोलर बनत. रोपांना किती ऊब, किती ओल, किती वारा द्यायचा हे ठरवणारी ती हातभर पेटी. सगळे तिला डबाच म्हणत. डब्यातल्या नखाएवढ्या चिपमध्ये जो प्रोग्राम बसायचा, तो दुर्वासबाई लिहायची. गेली कित्येक वर्षं ती एकटीच लिहीत होती.

आधी प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्रोग्राम वेगळा असे. दोन पंखेवाल्याचा निराळा, पंखा आणि फवारा असणाऱ्याचा निराळा, हीटरवाल्याचा आणखी तिसरा. फिटर हमखास भलताच डबा उचलून न्यायचे आणि तिकडे जाऊन फोन करायचे की बाई, फवारा सुरूच होत नाही. फवारा त्या प्रोग्रामात असेल तर होईल ना. असल्या फोनांनी तिचं डोकं फिरायचं. शेवटी एके दिवशी तिने सगळे प्रोग्राम मोडीत काढले आणि एकच लिहिला, कुठल्याही पॉलिहाउसला चालेल असा.

त्यातली युक्ती पॉइंटरची होती. पॉइंटर म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. चिठ्ठी खिशात मावते, घर मावत नाही. आधी सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या ठेवायच्या. डब्याला वीज मिळाली की त्याने आपल्याला काय काय जोडलंय ते चाचपून पाहायचं. पंखा सापडला, तर मेमरीत पंख्यासाठी घर बांधायचं आणि त्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहायचा. हीटर सापडला तर हीटरचं. जे जोडलेलंच नाही, त्याच्यासाठी एक वीटही लावायची नाही. पुढचा सगळा प्रोग्राम चिठ्ठी वाचून त्या घराशी जातो. नंतर फिटरांची तक्रार आली, की बिघडलेला सेन्सर बदलला तर डबा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. तिने तीही सोय करून दिली. सेन्सर काढून परत लावला तर डबा चालता चालताच त्याचं नवं घर बांधायचा. तेव्हा मालकांनी खाली हॉलमध्ये तिचं कौतुक केलं होतं. ती म्हणाली होती, कौतुक राहू द्या, आधी माझा पंखा दुरुस्त करा.

तिचा नवरा त्याच कारखान्यात फिटर होता. दोघं एकाच वर्गात शिकलेली. डिप्लोमाच्या परीक्षेत दोघांना मार्कही सारखेच. पण त्याला चार भिंतींत बसवत नसे. तो डबे घेऊन गावोगाव फिरायचा, खांबावर चढायचा, वायरी ओढायचा, स्क्रू आवळायचा आणि गिऱ्हाइकाला सगळं समजावून संध्याकाळी परतायचा. त्याचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. म्हणून तो शांतोबा. या दोघांचा संसार टिकला कसा, हा हॉलमधल्या चहाच्या वेळेचा आवडता विषय होता. सासूबाईंचं मत असं की माझ्या लेकाला कानाने जरा कमी ऐकू येत असणार, पण तपासायला नेलं तर सूनबाई चिडेल.

खुद्द दुर्वासबाईला त्याच्या या थंडपणाचाच सर्वात जास्त संताप यायचा. भांडायला बसावं तर समोरचा माणूस भाजी निवडत बसलेला. तो उलटून बोलत नाही याचा अर्थ त्याच्याकडे बोलण्यासारखं नाही, असं तिने हळूहळू धरून टाकलं. असं धरून टाकलं की माणूस विचारायचं सोडतो. तिनेही सोडलं होतं.

मग ती भानगड झाली. शहराबाहेर एका बाईंची रोपवाटिका होती. एकटीच्या हिमतीवर उभी केलेली. ढोबळी मिरचीची रोपं तयार करून त्या विकायच्या. शांतोबानेच तिथे डबा बसवला होता. थंडीतल्या एका सकाळी त्या नेहमीप्रमाणे पाणी मारून, दार लावून बाजारात गेल्या आणि दुपारी परतल्या तर आत भट्टी पेटलेली. हीटर सुरू, पंखे बंद, वर ऊन. अख्ख्या हंगामाची रोपं उकडून माना टाकून पडलेली.

शांतोबा धावत गेला. डब्याची वीज बंद केली, झाकण उघडलं, प्रत्येक स्क्रूला पेचकस लावून पाहिला, झाकण बंद केलं, वीज दिली. डबा शहाण्या मुलासारखा चालू झाला. पंखे फिरले, हीटर थांबला. झालं. स्क्रूला हात लावला आणि डबा चालला, म्हणजे स्क्रू सैल होता, हे सगळ्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बैठक बोलावली. मालकांचं बोलणं नेहमी साखरेत घोळलेलं असे, त्या दिवशी जरा जास्तच. सगळे फिटर भिंतीला टेकून उभे होते. शांतोबाने सांगितलं की स्क्रू सैल नव्हते, त्याने पेचकस लावला तेव्हा एकही फिरला नाही. मालकांनी मान डोलावली आणि दुर्वासबाईकडे वळून विचारलं की मग प्रोग्राममध्ये काही गडबड असू शकेल का.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांसमोर, असल्या गोड आवाजात, तिच्या प्रोग्रामवर संशय.

"प्रोग्राम मी लिहिलाय," ती म्हणाली. "डबा उघडला, स्क्रू आवळले आणि तो चालू झाला. प्रोग्राम पेचकसाने दुरुस्त होत नसतो."

कुणीतरी हसलं. शांतोबा तिच्याकडे बघत होता. ती मालकांकडे बघत होती.

मालकांनी मग निकाल दिला. शांतोबाने जाऊन त्या बाईंची माफी मागायची आणि पुढचं ठरेपर्यंत फिटिंगला जायचं नाही, खाली गोदामात बसायचं. ज्याने आयुष्य उघड्यावर काढलं त्याला एका झरोक्याच्या खोलीत नट-बोल्ट निवडायला बसवलं. बाहेर जायचंच नसेल तर तो फिटर कसला? एकदा का ढिसाळ हाताचा असा शिक्का बसला की कुठलंही गिऱ्हाईक त्याला दारात उभं करणार नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. दुर्वासबाईलाही कळत होतं. म्हणूनच ती घरी येताच त्याच्यावर तुटून पडली. एवढा अनुभव आणि साधा स्क्रू आवळता येत नाही, माझी मान खाली घालायला लावलीस, आणि वर सगळ्यांपुढे खोटं बोललास. ती बोलत राहिली. तो बूट काढत होता. एकदा त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तिचं वाक्य अजून संपायचं होतं.

सासूबाई आतून म्हणाल्या, अगं, त्यालाही एक शब्द बोलू दे. ती म्हणाली, बोलू द्या ना, कोण अडवतंय.

त्यानंतर घरात शांतता पसरली. त्याची नेहमीची शांतता वेगळी असायची, तिच्यात तो असायचा. आता तो फक्त जेवायला आणि झोपायला येत होता. तिने ते पाहिलं आणि तिला वाटलं, चूक पचत नाहीये. तिला त्याचाही राग आला.

रोपवाटिकेच्या बाईंनी पुन्हा रोपं लावली होती, पण डब्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. कारखान्यातून कुणीतरी जाणतं माणूस येऊन एकदा सगळं तपासू दे, असं त्यांनी बजावलं. दुसरा कुणी फिटर तयार होईना. मालकांनी दुर्वासबाईला विनवलं. नवऱ्याने केलेला घोळ बायकोने निस्तरायचा, असं पुटपुटत ती निघाली.

सकाळची वेळ होती. पॉलिहाउसचं दार उघडलं तसा ओल्या मातीचा वास आला. ट्रेमध्ये इवली इवली रोपं नुकती वर आली होती. बाई उंच, सडपातळ, हातावर मातीचे कोरडे थर. त्यांनी चहा विचारला नाही आणि ते योग्यच होतं. दुर्वासबाई डब्यापाशी उभी राहून वायरी तपासत होती. कामाला नावं ठेवायला ती आली होती, पण ठेवायला जागा सापडेना. प्रत्येक वायर सरळ, प्रत्येक टोकाला खूण, सगळं नीट बांधलेलं. तिने पेचकस लावून पाहिला. स्क्रू जागचा हलत नव्हता. आता आवळलाय ना, म्हणून हलत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात बाईंनी पाण्याचा पाइप उचलला. नळ सोडण्याआधी त्या सहज छताखाली गेल्या आणि ओलावा मोजणाऱ्या सेन्सरची पिन त्यांनी उपसून खिशात टाकली. पाणी मारून झालं, हात पुसले, पिन पुन्हा जागेवर बसवली.

दुर्वासबाईने विचारलं की हे काय करता.

"रोजच करते," बाई म्हणाल्या. "तुमच्या त्या शांत माणसानेच सांगितलंय. सेन्सरमध्ये पाणी गेलं तर खराब होईल, म्हणाला. पाणी मारायच्या आधी काढायचा."

त्याने सांगितलं ते अगदी बरोबर होतं. दुर्वासबाई मात्र तिथेच खिळून राहिली. रोज पिन निघते. रोज पिन बसते. रोज डबा सेन्सरचं नवं घर बांधतो आणि चिठ्ठीवर नवा पत्ता लिहितो. आणि जुनं घर? जुनं घर पाडायला तिने सांगितलंच नव्हतं. ते मेमरीत तसंच उभं राहायचं, त्याचा पत्ता कुणाकडेच नाही, आणि जागा अडलेली. कारखान्यात तिने पिन काढून लावून पाहिली होती, नाही असं नाही, पण एक-दोनदा, चाललं म्हणून समाधानाने उठली होती. इथे रोज एक बेवारस घर उभं राहत होतं, आणि त्या चिपमध्ये जागा ती किती!

ती बाईंना काही न बोलता परतली. वाटेत तिला स्वतःला वाटत होतं की हे खोटं निघावं.

आपल्या खोलीत तिने नवा डबा टेबलावर घेतला, हीटरच्या जागी एक दिवा लावला आणि दिवा पेटलेला असताना सेन्सरची पिन काढायला आणि लावायला सुरुवात केली. काढ, लाव. काढ, लाव. चवताळल्यासारखी ती ते करत होती. स्क्रीनवर उरलेल्या मेमरीचा आकडा दर खेपेला खाली घसरत होता. बोटं दुखायला लागली. मग एकदा पिन बसली आणि घर बांधायला जागाच उरली नाही. चिठ्ठी कोरी आली. ती कोरी आहे की नाही हे बघायलाही तिने प्रोग्रामला सांगितलं नव्हतं. प्रोग्राम कोऱ्या पत्त्यावर गेला आणि तिथेच गोठला. दिवा पेटलेलाच राहिला. पुढे कितीही वेळ गेला असता तरी तो विझला नसता.

तिने वीज बंद केली, पुन्हा दिली. मेमरी धुऊन निघाली आणि डबा शहाण्या मुलासारखा चालू झाला. पेचकस तर तिने हातातही घेतला नव्हता.

ती तशीच मालकांच्या खोलीत गेली. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मालकांचं म्हणणं साधं होतं. चूक तुझी, पण माणसं चुकतात, तुझ्यावर माझा राग नाही. पुढच्या डब्यांत गुपचूप दुरुस्त कर. एका फिटरचा स्क्रू सैल राहिला, हे एका गिऱ्हाइकापुरतं असतं. प्रोग्राम चुकला म्हटलं की जेवढे डबे बाहेर आहेत तेवढे सगळे चुकले. तुझ्या नवऱ्याला मी हळूच फिटिंगला पाठवतो, माफी तर त्याने मागून टाकलीच आहे, आता ते उकरून काय मिळणार?

"तुमची उरलेली गिऱ्हाइकं रोपं उकडून घेईपर्यंत थांबायचं का?" तिने विचारलं. "आणि माफी त्याने कशाची मागितली, हे त्याला कोण सांगणार? हळूच?"

मालक म्हणाले, जरा आवाज खाली. ही सूचना तिला आजवर अनेकांनी केली होती आणि कुणालाच लाभली नव्हती. तिने दार उघडलं, जिन्यावर उभी राहिली आणि खालच्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की रोपवाटिकेतला डबा स्क्रूमुळे बंद पडला नाही, माझ्या प्रोग्राममुळे पडला. सेन्सर काढून लावायची सवय जिथे जिथे असेल, तिथे आजच फोन करा आणि रोज एकदा डबा बंद करून चालू करायला सांगा, नवा प्रोग्राम मी भरून देते. भिंगाचे दिवे तसेच राहिले आणि हात थांबले. मालक तिच्यामागे दारात आले होते, पण आता गोड बोलून उपयोग नव्हता. फिटरांनी फोन काढले होते. तिने तिथूनच रोपवाटिकेच्या बाईंनाही फोन लावला, सगळं सांगितलं आणि त्यांनी जे सुनावलं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग ती गोदामाकडे निघाली. हातात तोच डबा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं. चूक कबूल करायला तिला लाज वाटली नव्हती, उलट अन्यायाच्या छाताडावर बसल्यासारखं वाटत होतं. त्याच्यासाठी ती मालकांशी भांडून आली होती. तो आता हसेल, निदान सुस्कारा तरी टाकेल, असं तिने गृहीत धरलं होतं.

तो स्टुलावर बसून वायसर आकाराप्रमाणे वेगळे करत होता. तिने एका दमात सगळं सांगितलं. पिन, जुनी घरं, कोरी चिठ्ठी, मालक, जिना. डबा त्याच्यापुढे ठेवला. म्हणाली, बघ, स्क्रूला हात न लावता बंद पाडून आणि चालू करून दाखवते.

त्याने डब्याकडे पाहिलंही नाही.

"मी बैठकीत सांगितलं होतं," तो म्हणाला.

हो, पण, असं काहीतरी ती म्हणाली.

"घरीही सांगणार होतो. तू दारातच सुरू झालीस. म्हटलं, विचारेल. जेवताना विचारेल, झोपताना विचारेल." तो थांबला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण एक वायसर बोटांतून सुटून जमिनीवर घरंगळत गेला. "मालकांचं मला काही वाटलं नाही. त्यांना एक माणूस पाहिजे होता. त्या बाईंसमोर हात जोडले तेव्हाही नाही. पण तू माझ्या वर्गात होतीस. माझ्या घरात राहतेस. मी सैल स्क्रू ठेवून येतो का, हे तुला डब्याला विचारावं लागलं."

तिला खूप काही बोलायचं होतं. आत्ताच सगळ्यांसमोर आपण काय करून आलो ते पुन्हा सांगावंसं वाटलं. तू तरी ओरडून का सांगितलं नाहीस, असं त्यालाच खडसावावंसं वाटलं. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही.

"आणि अजूनही विचारलेलं नाहीस," तो म्हणाला. "नुसतं सांगते आहेस."

दारातून हॉलमधले फोन ऐकू येत होते. कुणीतरी कुणाला तरी समजावत होतं की नाही हो, वायरिंगचा काही दोष नाही. ती खाली बसली, गोदामाच्या फरशीवरच. उत्तर तिला ठाऊक होतं. टेबलावर पिन काढून लावून बोटं सुजेपर्यंत तिने ते मिळवलं होतं. तरी तिने त्याच्याकडे बघून विचारलं.

"तू डबा उघडलास तेव्हा स्क्रू घट्ट होते का रे?"

"होते," तो म्हणाला, आणि वाकून पडलेला वायसर शोधायला लागला.